मिरजेपर्यंतचा हात

आमच्या आंबळवेढ्यात माझ्या आईला मान आहे तो तिच्या उजव्या हातामुळे. लग्न असो, बारसं असो, चार बायका जमल्या की त्यातली एक तरी म्हणणारच, "महादेवीवैनी, तेवढं सांगा की." मग आई नको नको म्हणत पदर सावरून बसते आणि सांगते. सन एकोणीसचा दसरा. सात वर्षांची समिधा, म्हणजे मी, बसूतात्याच्या शेजारी उभी. तात्याचा शोभेच्या दारूचा औट फुटला, लाकडाची ढलपी उडाली आणि पोरीच्या डाव्या डोळ्यात घुसली. रक्ताची धार लागली. आईने पदराचा बोळा केला, डोळ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने जो दाबला तो दाबलाच. जीप खड्ड्यांतून उडत होती, पोर किंचाळत होती, हाताला चावत होती. "पर मी मिरजंपतोर हात काडला न्हाई," असं म्हणून आई थांबते. बायका डोळ्यांना पदर लावतात. डोळा गेला तो गेला, पण आईमुळे पोर तरी हाती लागली, असं सगळं गाव बावीस वर्षं मानत आलंय. मीही मानत होते.

माझं म्हणाल तर एका डोळ्याने माझं फारसं कुठे अडलं नाही. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार आहे. आता मोजणी ड्रोनच करतं, पण बांधावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले की ड्रोन काय करणार, तिथे माणूसच लागतं. आमचे साहेब म्हणायचे, "मगदूमबाई, दुर्बिणीला एक डोळा मिटावा लागतो, तुमचा तेवढा वेळ वाचतो." मी हसायचे. आत आक्रसून गेलेल्या डोळ्यावर मी डोळ्यासारखी रंगवलेली खोटी वाटी घालते, ती इतकी हुबेहूब आहे की नवख्या माणसाला कळत नाही.

अडलं ते घरात. बसूतात्या, म्हणजे बसगोंडा मगदूम, माझे सख्खे चुलते. आमच्या गावचा दसरा म्हणजे दारूकाम, अर्थात शोभेच्या दारूचं. औट म्हणजे पोकळ लाकडी नळकांडं. त्यात दारू ठासायची, वात द्यायची, की ठिणग्यांचं झाड दोन माड उंच उठतं. पालखीपुढे पेठेपेठेची मंडळं असे शेकडो औट उडवतात, आणि तात्यासारखा औट पंचक्रोशीत कुणी ठासत नव्हतं. त्या दसऱ्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. करोनात वडील गेले तेव्हाही तात्या दारात उभे होते आणि आईने दार लावून घेतलं. आमची आणि त्यांची घरं एका भिंतीची. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागतो, पण बावीस वर्षांत शब्द म्हणून या भिंतीवरून गेला नाही. मी मात्र जायचे, मागच्या दाराने. आईला ते ठाऊक होतं, पण तिने कधी विचारलं नाही.

या वर्षी, एक्केचाळीसच्या श्रावणात, मिरजेच्या एका नेत्र रुग्णालयातून फोन आला. माणसाच्याच पेशींपासून डोळ्यातला पडदा वाढवायचा आणि जुन्या, मेलेल्या डोळ्यात बसवायचा, असं नवं तंत्र तिथे सुरू झालं होतं. मी नाव नोंदवलं होतं, नंबर लागला. आई म्हणाली, "मी येनारच." डबा भरून आली आणि तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसली.

आत डॉक्टर फरहीन जमादार होत्या. माझ्याच वयाच्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी मला एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं. त्याला ते व्रणवाचक म्हणतात.

"पडदा बसवण्याआधी आतली जमीन कशी आहे ते बघावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोजणी खात्यात आहात ना? मग तुम्हाला लगेच कळेल."

आणि खरंच कळलं. जखम भरते तेव्हा शरीर तिथे बारीक धागे विणतं. आतलं मांस कुठून कुठे ढकललं गेलं, कुठे ताणलं, कुठे चेपलं, त्याप्रमाणे ते धागे आडवेउभे पडतात आणि जन्मभर तसेच राहतात. यंत्र खास प्रकाशात एकेक धागा टिपतं. मग हजारो डोळ्यांच्या नोंदींशी ताडून गणित उलटं चालवतं आणि आज जे दिसतंय ते तसं व्हायला त्या दिवशी काय काय घडलं असेल ते शोधून काढतं. आम्हीही हेच करतो. बांध कुणी सरकवला तरी जुन्या बांधावरची बाभळ कुठे उभी आहे, पाट कुठे वळलाय, यावरून मूळ हद्द सापडते. जमीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.

तासाभराने डॉक्टरांनी मला स्क्रीनवर माझाच डोळा दाखवला. राखाडी रंगाचा गोळा. कोपऱ्यात घड्याळ, शून्य सेकंद. एक टोकदार तुकडा आला, बुबुळाच्या कडेला चार मिलिमीटरची चीर पाडून बाहेर पडला. इतकंच. मी पुढच्या घटनेची वाट बघत राहिले.

"एवढीच जखम?" मी विचारलं.

"तुकड्याने केलेली एवढीच."

मग घड्याळ भराभर पळायला लागलं. गोळा समोरून चपटा होऊ लागला. मिनिटामागून मिनिटं कुणीतरी तो आत ढकलत होतं, मध्येच हिसका बसत होता, पुन्हा दाब. त्या चार मिलिमीटरच्या चिरेतून आतलं सगळं हळूहळू बाहेर येत होतं. पिकल्या आंब्याला देठाशी चीर पडावी आणि कुणी तो दाबून दाबून माचवत राहावा, तसं. शेवटी आतला पडदाही आला. घड्याळ थांबलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती.

"पाच-सात मिनिटं इकडेतिकडे," डॉक्टर म्हणाल्या. मग विचारलं, "कुणी डोळा दाबून धरला होता का?"

बाहेर बाकावर आई डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"दाबला नसता तर?" मी विचारलं.

"वाचलाच असता असं मी शपथेवर सांगणार नाही. पण एवढ्या चिरेला टाके घालून आम्ही कितीतरी डोळे वाचवतो. तुमच्यात आता नवा पडदा जिच्यावर बसवायचा ती जागाच उरलेली नाही. सॉरी, समिधाताई." त्यांनी स्क्रीन बंद केला. "हात कापला की दाबायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. डोळ्यालाही लोक तेच करतात. फटाक्याने चिरलेले अकरा डोळे या वर्षी आले, त्यातले सहा दाबलेले. दाबायचं नाही, चोळायचं नाही, धुवायचं नाही, रुतलेलं उपसायचं नाही. चहाचा कागदी कप उलटा ठेवायचा, कड हाडावर टेकली पाहिजे, डोळ्याला काही लागता कामा नये. चिकटपट्टी लावायची आणि इकडे आणायचं. एवढंच कळलं तर निम्मे डोळे वाचतील."

दसऱ्याआधी गावात येऊन ही फिल्म दाखवायची त्यांची इच्छा होती. माझं नाव कुठेही येणार नाही म्हणाल्या.

"मॅडम, नाव कशाला लागतंय?" मी म्हणाले. "ती गोष्ट आमच्या गावात शेळ्यामेंढ्यांनासुद्धा पाठ आहे."

मी विचार करून सांगते म्हणाले आणि बाहेर आले. आई उठून उभी राहिली.

"काय म्हनल्या?"

"नस वाळलीय म्हणे. आता काही होणार नाही."

आई खाली बसली. थोड्या वेळाने डबा उघडत म्हणाली, "ज्यानं केलं त्येला कंदी सुख लागायचं न्हाई बघ."

परतीच्या बसमध्ये तिला डुलकी लागली. तिचा उजवा हात माझ्या मांडीवर होता. अंगठ्याच्या मुळाशी माझ्या दुधाच्या दातांचा व्रण अजून आहे. लहानपणी मी त्या व्रणाचा मुका घ्यायचे. त्या दिवशी मला तो हात ढकलून द्यावासा वाटला. खोटं कशाला बोलू? कवठ्याच्या फाट्यापर्यंत मला तिचा राग राग आला, आणि घर येईस्तोवर स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने तात्यांकडे गेले. ते म्हशीला पेंड कालवत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल. पण ते पाटीत हात तसाच ठेवून बसून राहिले.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नगंस."

"तात्या, बावीस वर्षं तुम्हाला तोंडावर दार लावलंय तिनं."

"लावू दे की. औट मीच ठासला हुता. तू लांब हुतीस, मीच हाताला धरून म्होरं घिऊन गेलो. ढलपी माजीच." मग त्यांनी हात पुसला, पण माझ्याकडे बघेनात. "आनि आनखी एक हाय, समे. जीप मीच चालवत हुतो. रगात बघून वैनीचा हात थरथरत हुता, ती सोडाय लागली हुती. मीच वराडलो, वैनी, दाबून धरा, आजिबात सोडू नका! तीन येळा वराडलो."

म्हैस पाटीकडे मान लांबवून हंबरली. तात्यांनी तिच्यापुढे पाटी सरकवली.

"तिच्याकडं तेवढीच एक गोष्ट हाय सांगायला," ते म्हणाले. "नवरा गेला, लेकीचा डोळा गेला. ती बी काडून घेतलीस तर ऱ्हाईल काय?"

मी डॉक्टरांना कळवलं, या वर्षी नको. त्यांनी 'ठीक आहे' एवढंच लिहिलं. मी फार शहाणपणाचं काम केलं अशी माझी समजूत होती. सत्य वर्षभर उशिरा कळलं तर कुणाचं काय बिघडतं?

खंडेनवमीला दुपारी मंडळं एकेक औट उडवून चाचणी घेतात. आता बायकांचंही मंडळ आहे, आणि प्रणोती कोरे म्हणून बावीस वर्षांची पोरगी त्याची प्रमुख. हुशार, तोंडाची फटकळ. सरकारी नियमाप्रमाणे मंडळाने जाड काचेचे चष्मे आणले होते. ते पेटीत अगदी सुरक्षित होते. वात लागली, औट धुमसला आणि उठेना. धुमसणाऱ्या औटाजवळ वाकायचं नाही, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. पण सगळं गाव बघत असताना आपला औट फुसका निघाला, हे आमच्या गावच्या माणसाला सहन होत नाही. प्रणोती वाकली.

आवाज झाला तेव्हा मी देवळाच्या पायरीवर होते. धूर विरला तर ती गुडघ्यांवर बसलेली, उजव्या डोळ्यातून गालावर रक्त. बायकांचा एकच कालवा झाला. आणि त्या गलक्यातून कुणीतरी ओरडलं, "महादेवीवैनीस्नी बोलवा! वैनी, या लौकर!"

आईला बोलवायला नकोच होतं. ती धावत निघालीच होती, धावता धावता पदराचा बोळा करत. बायकांनी तिला वाट करून दिली. ती प्रणोतीजवळ बसली, तिचं डोकं छातीशी घेतलं आणि म्हणाली, "भिऊ नगंस बाळ, मी हाय. मी हात काडत न्हाई."

"आई, हात काढ!"

मी इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. आईने माझ्याकडे बघितलं, पण बोळा डोळ्यावर टेकत होताच. मी गर्दीतून घुसले, तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि हिसडा देऊन बाजूला केलं. आई मागे पडली. सगळं गाव बघत होतं.

"कुणी शिवायचं नाही तिला! कागदी कप आणा. चहाचा. आणि चिकटपट्टी."

एक म्हातारी म्हणाली, "आगं, खुळी का काय तू? तुज्या आईनं..." तिचं पुढचं मी ऐकलं नाही. कप आला. मी तो उलटा ठेवला, वरची कड भुवईच्या हाडावर, खालची गालाच्या. चिकटपट्टी लावली. प्रणोतीला म्हणाले, दुसरा डोळाही मिट, हलवू नकोस.

गाडी कुणाची जवळ होती? तात्यांची. ते ती थेट गर्दीपर्यंत घेऊन आले. मी प्रणोतीला मागे मधोमध बसवलं. पलीकडचं दार उघडलं आणि आई आत बसली. बावीस वर्षांत ती त्यांच्या गाडीत बसली नव्हती. तात्यांनी आरशात एकदा बघितलं आणि गाडी काढली.

रस्ता आता गुळगुळीत झालाय. आईचे दोन्ही हात मांडीवर उपडे होते. प्रणोती कण्हली की उजवा हात उचलला जायचा आणि पुन्हा खाली ठेवला जायचा. कवठ्याचा फाटा मागे पडल्यावर ती बोलली.

"दाबायचं का नसतं?"

"आई, नंतर सांगते."

"आत्ता सांग. मिरजंला त्या बाईनं तुला काय सांगितलं? नस वाळलीय म्हनालीस तवाच मला कळलं हुतं तू खोटं बोलतीस. लहानपनापासनं खोटं बोलताना नाक चोळतीस."

मग मी सांगितलं. आंब्याचा दाखला दिला नाही, बाकी सगळं सांगितलं. चार मिलिमीटर. पन्नास मिनिटं. बांधाच्या वादात निकाल वाचून दाखवते तशा कोरड्या आवाजात सांगितलं, कारण दुसऱ्या आवाजात मला ते जमलं नसतं.

आई रडली नाही. ती तिच्या हाताकडे बघत राहिली, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या त्या व्रणाकडे.

"चावत हुतीस तू," ती म्हणाली. "मला वाटलं, दुकतंय म्हनून चावतीया. तू सोड म्हनत हुतीस."

पुढून तात्यांचा आवाज आला. "वैनी, दाबा म्हनून मी वराडलो हुतो. तुमी सोडाय लागला हुता."

मिरजेचा उड्डाणपूल आला.

"ध्यानात हुतं माज्या," आई म्हणाली. "आजवर कुनाला सांगितलं न्हाई. सगळी वाहवा मला एकटीला पायजे हुती." मग तात्यांच्या पाठीकडे बघत, "तुमी सांगितलं खरं, भावजी. पर हात माजा हुता."

तात्यांनी गाडी बाजूला घेतली, अर्धा मिनिट कपाळ स्टिअरिंगला टेकलं आणि पुन्हा चालू केली.

प्रणोतीच्या डोळ्याला सहा टाके पडले. डॉक्टर जमादार बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पडदा जागेवर आहे, आतलं सगळं आत आहे. किती दिसेल ते दीड महिन्याने कळेल, पण दिसेल. मग त्यांनी टोपलीतला चहाचा कप उचलून बघितला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली.

"मॅडम, तुमची ती फिल्म उद्या घिऊन या. आनि तिच्यात नाव घाला. महादेवी शिवगोंडा मगदूम."

"मावशी, नावाची गरज नाही."

"माज्या गोष्टीला लोकं माजं नाव घेत्यात," आई म्हणाली. "मग ह्या गोष्टीला बी घेतलं पायजे."

दसऱ्याला पालखी निघायच्या आधी देवळाच्या पटांगणात डॉक्टरांनी फिल्म दाखवली. मग आई उठली. मला वाटलं, दोन वाक्यं बोलून बसेल. तिने सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, नेहमीच्याच शब्दांत. ढलपी, पदराचा बोळा, खड्डे, किंचाळणारी पोर. बायका सवयीने पदर डोळ्यांशी नेऊ लागल्या.

"आनि मी मिरजंपतोर हात काडला न्हाई," आई म्हणाली. "काडायला पायजे हुता. पोरीचा डोळा माज्या हाताखाली गेला. औट भावजींचा हुता, पर डोळा माज्या हाताखाली गेला. तुमी कुनी दाबू नगासा."

बायकांना काय करावं कळेना. कुणी रडेना, कुणी उठेना. आई खाली उतरली, कागदी कपांची एक चळत उचलली आणि प्रत्येक मंडळाच्या पेटीवर एकेक कप ठेवत गेली. पोरांनी मुकाट्याने चष्मे बाहेर काढले.

सोनं लुटून लोक घरोघर जायला लागले तेव्हा ती आपट्याची पानं घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडली आणि तात्यांच्या पुढच्या दाराने आत गेली. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. भिंतीवरून फक्त फोडणीचा आवाज आला.

परतली तेव्हा मी ओट्यावर बसले होते. खोटी वाटी काढून ठेवली होती. घरात कधीतरी मी काढते, खुपते म्हणून. आई समोर येऊन बसली. तिने हात वर केला, माझ्या डाव्या गालापर्यंत आणला, आणि मध्येच थांबली. मग मागे घेऊ लागली. बावीस वर्षांत या हाताने मला न्हाऊ घातलं होतं, मारलं होतं, भरवलं होतं, पण आता तो माझ्या चेहऱ्याला भीत होता. माझ्याच्याने ते बघवेना.

मी तो हात धरला आणि मिटलेल्या डाव्या पापणीवर ठेवला.

"न्हाई गं," आई म्हणाली, "न्हाई."

"दाबू नकोस," मी म्हणाले. "नुसता ठेव."

तिने ठेवला. बाहेर पालखीपुढे पहिला औट सुटला, आणि तिचा हात दचकला, पण तिने तो काढला नाही.